हाडातला डीएनए आणि माणसांची स्थलांतरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखीगढी, रूपकुंड, यामनाया, पारशी, यातला कुठलाही विषय निघाला की तेच पंधरा-वीस प्रश्न परत परत येतात आणि दर वेळी अर्धवट उत्तरं देऊन दमायला होतं, म्हणून सगळं एका जागी टाकतोय. मी लॅबमधला माणूस नाही, पेपर वाचणारा आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही, हवा तो प्रश्न उघडा.

प्राचीन डीएनए म्हणजे किती जुना?

वयाची काही अट नाही. चार लाख तीस हजार वर्षांपूर्वीच्या स्पेनमधल्या हाडांचाही वाचलाय आणि हिमालयातल्या रूपकुंड तळ्याच्या काठी पडलेल्या, जेमतेम दोनशे वर्षांच्या हाडांचाही. वयापेक्षा महत्त्वाचं काय तर डीएनएची अवस्था. माणूस मेला की पेशींची दुरुस्ती बंद होते, मग पाणी, उष्णता, बॅक्टेरिया सगळे मिळून त्या लांबलचक साखळीचे बारीक बारीक तुकडे करतात, साधारण चाळीस-पन्नास अक्षरांचे (डीएनएची साखळी ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते). शिवाय हाडाच्या भुकटीतून जो डीएनए निघतो तो बहुतेक मातीतल्या जंतूंचा असतो, माणसाचा कधीकधी एक टक्कासुद्धा नाही.

मग एवढ्या चुऱ्यातून वाचतात कसं?

रद्दीतल्या पेपरचे बोटभर तुकडे झालेत पण त्याच पेपरची अख्खी प्रत तुमच्याकडे आहे असं समजा, मग प्रत्येक तुकडा कुठल्या पानावरचा ते शोधता येतं. ती अख्खी प्रत म्हणजे आजच्या माणसाचा वाचून ठेवलेला जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए. २००५ नंतर असे लाखो तुकडे एकदम वाचणारी मशीन्स आली आणि या विषयाचं नशीबच फिरलं, त्याआधी एकेक तुकडा वेचून वाढवायला लागायचा.

दुसरी युक्ती अशी की पूर्ण जीनोम वाचायच्या भानगडीत न पडता, माणसा-माणसांत जिथे फरक असतो अशा साधारण १२ लाख ठरलेल्या जागाच गळ टाकून मासे पकडल्यासारख्या पकडायच्या. स्वस्त पडतं, जंतूंचा कचरा बाजूला राहतो, आणि त्यातल्या वीस-तीस हजार जागा मिळाल्या तरी माणूस साधारण कुठल्या गटाजवळचा आहे एवढं सांगता येतं.

उत्खनन करणाऱ्याचा, लॅबवाल्याचा डीएनए त्यात मिसळला नसेल कशावरून?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि सुरुवातीला या शास्त्राची यावरूनच फजिती झालेली आहे. १९८५ मध्ये स्वांते पाबो यांनी इजिप्तच्या ममीतून डीएनए मिळाल्याचं छापलं, ते नंतर आजच्या माणसाचंच मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त निघाली. त्याच पाबोंनी पुढची पंचवीस वर्षं मिसळ कशी ओळखायची आणि टाळायची यात घातली, २०१० मध्ये निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीचा जीनोम काढला आणि २०२२ मध्ये नोबेल घेतलं.

आता तपासणी कशी करतात, तर जुन्या डीएनएला वयाची खूण असते. तुकड्यांच्या टोकांना सी या अक्षराच्या जागी टी वाचलं जातं, ते रसायन वर्षानुवर्षं चालू असतं, त्यामुळे ताज्या डीएनएत ही खूण दिसत नाही. हाड पुरुषाचं असेल तर आणखी सोपं, पुरुषाला एक्स क्रोमोसोम एकच असतो, मग एकाच जागी दोन वेगळी अक्षरं सापडली तर कोणीतरी दुसरा आत घुसलाय हे उघड. बाकी लॅबमध्ये अंगभर सूट, दोन-दोन ग्लोव्हज, अतिनील दिवे, ब्लीच हे सगळं असतंच.

कुठलंही हाड चालतं का?

नाही. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं जे कवटीचं हाड असतं, पेट्रस म्हणतात त्याला, ते शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड आणि डीएनए टिकायला सगळ्यात भारी. २०१४-१५ च्या सुमाराला हे लक्षात आलं आणि उष्ण देशांतली जी हाडं आधी वाया गेली म्हणून सोडून दिली होती त्यांच्याकडे लोक परत वळले. दातांची मुळंही चालतात.

मायटोकॉन्ड्रियल, वाय, ऑटोसोमल, यात नक्की फरक काय?

मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागातलं डीएनए, फक्त आईकडून येतं, आईची आई, तिची आई अशी एकच सरळ रेघ. वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून मुलाला. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात आणि या दोन रेघा त्यातल्या फक्त दोघांबद्दल बोलतात, उरलेल्या १,०२२ जणांचं काय? ते ऑटोसोमलमध्ये असतं, म्हणजे बाकीच्या सगळ्या क्रोमोसोम्समध्ये. त्यामुळे कोणी "माझं हॅप्लोग्रुप (अशा एका रेघेतली फांदी) आर१ए, म्हणजे मी अमक्या वंशाचा" म्हणाला की समजायचं, गडी एका रेघेवर उभा राहून अख्ख्या झाडाबद्दल बोलतोय.

पण या दोन रेघा निरुपयोगी नाहीत हां. बायका कुठून आल्या आणि पुरुष कुठून आले हे वेगवेगळं त्यांच्यामुळेच कळतं, आणि बहुतेक स्थलांतरांची खरी गोष्ट त्या फरकातच असते. खाली हे परत परत येईल.

स्थलांतर "दिसतं" कसं पण? डीएनएवर पत्ता लिहिलेला नसतो ना.

नसतोच. म्हणून एकट्या सांगाड्यावरून काही होत नाही, तुलना लागते. एकाच भागातले आधीचे आणि नंतरचे सांगाडे घ्यायचे. आधीच्यांत नसलेला वारसा नंतरच्यांत अचानक दिसला आणि तोच वारसा दुसरीकडे कुठेतरी त्याआधीपासून नांदत होता, तर तिकडून कोणीतरी इकडे आलं असं म्हणता येतं. वय कार्बन डेटिंगवरून घ्यायचं, नाहीतर आधी-नंतरलाच अर्थ नाही.

मिसळ कधी झाली याचं घड्याळही डीएनएतच असतं. दोन वेगळ्या गटांच्या आई-बापाचं पोर झालं की त्याच्याकडे दोन्हीकडचे लांबच लांब पट्टे असतात, पुढे दर पिढीत ते कापले जातात आणि आखूड होत जातात. पट्ट्यांच्या लांबीवरून किती पिढ्या झाल्या याचा अंदाज निघतो, थोडाफार मागेपुढे.

आणि तो माणूस स्वतः आला की त्याचे पणजोबा आले? ते डीएनए सांगत नाही. त्यासाठी दातातलं स्ट्रॉन्शियम बघतात, लहानपणी ज्या मातीतलं खाल्लं-प्यायलं तिची सही दाताच्या एनॅमलमध्ये राहते. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापासून जवळच पुरलेला एक धनुर्धारी आहे, एम्सबरीचा, त्याचे दात तपासल्यावर तो आल्प्सच्या बाजूला कुठेतरी लहानाचा मोठा झाल्याचं निघालं.

युरोपचीच उदाहरणं का सारखी देतात?

थंडी, आणि पैसा. थंडीत डीएनए टिकतो आणि लॅब्सही तिथेच आहेत, त्यामुळे आजवरच्या सॅम्पल्समध्ये युरोपचं पारडं फारच जड आहे. हा पक्षपात कायम डोक्यात ठेवायचा. पण उदाहरण म्हणून युरोप खरंच स्पष्ट आहे. आधी शिकारी लोक, मग साधारण साडेआठ हजार वर्षांपूर्वीपासून आजच्या तुर्कस्तानातून आलेले शेतकरी, आणि मग इ.स.पू. ३००० नंतर काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ प्रदेशातले यामनाया पशुपालक. असे तीन थर. आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी दुसऱ्या थराचा नमुना आहे, त्याचा ९० टक्क्यांहून जास्त वारसा तुर्कस्तानातल्या शेतकऱ्यांचा, कातडी सावळी आणि बहुतेक टक्कल पडत चाललेलं. म्युझियममध्ये त्याचा जो गोरापान केसाळ पुतळा उभा केला होता तो बघून आता हसू येतं.

२०१५ मध्ये कळलं की जर्मनीतल्या कॉर्डेड वेअर (दोरीचे ठसे असलेली भांडी करणाऱ्या) लोकांचा साधारण तीन चतुर्थांश वारसा यामनायांसारखा होता. २०१८ मध्ये ब्रिटनचं आलं, ते त्याहून अचाट. ज्यांनी स्टोनहेंजचे मोठे दगड उभे केले त्यांचा वारसा पुढच्या काही शतकांत साधारण ९० टक्के पुसला गेला, समुद्रापलीकडून बीकर भांडी घेऊन आलेल्या लोकांनी ती जागा घेतली.

९० टक्के पुसला गेला म्हणजे कत्तल केली का?

हेडलाईन वाचून तसंच वाटतं. पण "वारसा बदलला" आणि "मारून टाकलं" यात खूप अंतर आहे. येणारे जास्त असतील, राहणाऱ्यांची पोरं जगत नसतील, रोगराई असेल (प्लेगच्या जंतूचे पाच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष युरोपात माणसांच्या दातांतून मिळालेत), शतकानुशतकं थोडं थोडं होत गेलं असेल. जखमा असलेले सांगाडे ढिगाने सापडले तर हिंसा म्हणा, नुसत्या टक्क्यावरून म्हणू नका.

तरी काही ठिकाणी आकडे बघून अस्वस्थ व्हायला होतं हे खरं. स्पेन-पोर्तुगालमध्ये इ.स.पू. २००० पर्यंत एकूण वारसा साधारण ४० टक्के बदलला पण वाय क्रोमोसोम जवळपास सगळेच्या सगळे बदलले. म्हणजे स्थानिक बायकांची पोरं पुढे चालू राहिली, स्थानिक पुरुषांच्या बाप-ते-मुलगा रेघा बंद पडल्या. का, कसं, यावर पुरातत्त्ववाले अजून भांडतायत.

डीएनएवरून भाषा कळते का?

नाही. थेट तर अजिबात नाही. बास्क लोकांत गवताळ प्रदेशाचा वारसा भरपूर, भाषा मात्र इंडो-युरोपियन (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांचं भाषाकुळ) नाही. इटलीतले एट्रुस्कन, तेच. आजचे हंगेरियन लोक जनुकीयदृष्ट्या शेजाऱ्यांसारखेच पण भाषा हजारो किलोमीटर लांबून आलेली. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू बेटांवर तर लोक बरेचसे पापुआच्या बाजूचे आणि भाषा ऑस्ट्रोनेशियन. डीएनए एवढंच सांगतो की अमुक काळात अमुक दिशेने माणसं गेली, म्हणजे भाषा जायला रस्ता उघडा होता. त्या रस्त्याने भाषा खरंच गेली का ते भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व जुळवून ठरवावं लागतं.

राखीगढीत नक्की काय सापडलं?

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं हडप्पा संस्कृतीचं मोठं शहर. उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या टीमचं, वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली. त्यांनी आणि परदेशी सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले आणि त्यातल्या फक्त एका, हो एकाच, बाईच्या हाडातून उपयोगी पडेल असा डीएनए निघाला, तोही शंभरच्या वर वेळा भुकटीतून प्रयत्न करून, आणि १२ लाख जागांपैकी साधारण ३१ हजार जागाच हाती लागल्या. ही बाई साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

तिच्यात दोन वारसे दिसले. एक इराणच्या बाजूच्या जुन्या लोकांशी नातं सांगणारा, दुसरा दक्षिण आशियातल्या मूळच्या शिकारी लोकांचा, ज्यांच्याशी अंदमानच्या आदिवासींचं फार लांबचं नातं. गवताळ प्रदेशाचा वारसा नाही. आणि एक मुद्दा जो बातम्यांत हरवला पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तिचा इराणी बाजूचा वारसा इराणमधल्या पहिल्या शेतकऱ्यांकडून आलेला नाही, ती फांदी १२ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे शेती सुरू व्हायच्या आधीच, वेगळी झालेली. म्हणजे इराणी शेतकरी झुंडीने आले आणि त्यांनी इथे शेती आणली ही जी सोपी गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो ती तशी बसत नाही.

एकाच बाईवरून एवढं? बरोबर विचारलंत. पण ती एकटी नाही. तुर्कमेनिस्तानातल्या गोनुर आणि इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथे ११ जण असे मिळाले की जे तिथल्या बाकीच्यांपेक्षा वेगळे आणि या बाईसारखे. या गावांचा सिंधू खोऱ्याशी व्यापार होता, मुद्रा आणि वस्तू सापडल्यात, म्हणजे हे तिकडे गेलेले इकडचे लोक असणार. बारा जण एकमेकांना साक्ष देतात.

मग आर्य आले की नाही? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगणारे खूप आहेत, तिथेच घोळ होतो. आर्य म्हणजे इथे संस्कृतच्या कुळातली भाषा बोलणारे लोक, आणि ते बाहेरून आले असतील तर गवताळ प्रदेशाच्या वारशातून दिसतील असं मानतात, म्हणून सगळा वाद त्या वारशाभोवती. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन पेपर बरोबरच आले, एक राखीगढीचा, दुसरा ५२३ नव्या प्राचीन सॅम्पल्सचा, मध्य आशियापासून पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यापर्यंत. दोन्हीवर बरेचसे शास्त्रज्ञ तेच. पहिल्यावरून हेडलाईन झाली की आर्य बाहेरून आलेच नाहीत, दुसऱ्यावरून हेडलाईन झाली की आलेच. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले तर भांडण नाहीच: हडप्पाच्या भरभराटीच्या काळात गवताळ प्रदेशाचा वारसा इथे दिसत नाही, आणि इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान तो उत्तरेकडून दक्षिण आशियात आला. आजच्या भारतीयांत तो शून्यापासून साधारण ३० टक्क्यांपर्यंत, उत्तरेत जास्त, दक्षिणेत कमी, काही ब्राह्मण आणि भूमिहार गटांत अपेक्षेपेक्षा जास्त. आजच्या लोकांत तो बापाकडून जास्त आलेला दिसतो.

"आक्रमण" म्हणायला डीएनएत पुरावा नाही, घोडेस्वारांची फौज वगैरे त्यात दिसत नसते. "कोणीच आलं नाही" म्हणायलाही नाही. आणि आज भारतात जवळपास प्रत्येक जण मिसळीचाच आहे, त्यामुळे यावरून "मूळचे कोण आणि उपरे कोण" काढणाऱ्यांनी आधी स्वतःच्या १,०२४ पूर्वजांचा हिशोब मांडावा.

महाराष्ट्रातल्या जुन्या सांगाड्यांचं काय?

इनामगाव. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलेलं ताम्रपाषाणयुगीन गाव. तिथे माणसं घराच्या जमिनीखालीच पुरायचे, लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून आत ठेवायचे, मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. काळ इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे वर सांगितलेली मिसळ सगळीकडे पसरत असतानाचा बरोब्बर तोच. अशा काळातला एखादा नीट जीनोम दख्खनमधून मिळाला तर राखीगढीपेक्षा मी त्याच्यावर जास्त उड्या मारीन, कारण उत्तरेचं चित्र दक्षिणेला चिकटवायचं थांबेल.

अडचण हवेची. दख्खनचा उन्हाळा, त्यात पावसाळ्यात भिजणारी आणि परत वाळणारी माती, डीएनएचे हाल होतात. आणि दुसरी अडचण, आपण जाळतो. जळलेल्या हाडात वाचण्यासारखं काही राहत नाही. पुढच्या काळात आपल्याकडे पुरतात ते कोण, तान्ही मुलं, संन्यासी, लिंगायत, गोसावी, काही आदिवासी समाज. म्हणजे मिळालेला सांगाडा हा गावाचा सरासरी माणूस नसतो, हे लक्षात न ठेवता टक्केवारी काढली की गंडलंच.

मध्ययुगाचं तर लिहून ठेवलेलं आहे, तिथे डीएनए कशाला?

लिहिणारे राजांबद्दल लिहितात, आणि बहुतेक वेळा दोन-तीनशे वर्षांनी. इंग्लंडचं बघा. अँग्लो-सॅक्सन आले असं सगळ्या जुन्या बखरींत, मग विसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांचा सूर बदलला की थोडेसे सरदार आले असतील, बाकी लोकांनी नुसती फॅशन उचलली. २०२२ मध्ये ४६० मध्ययुगीन जीनोम्स तपासले तर पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमध्ये सरासरी ७६ टक्क्यांपर्यंत वारसा समुद्रापलीकडच्या जर्मनी-डेन्मार्क-नेदरलँड्सच्या किनाऱ्याचा. बायकाही आलेल्या, नुसते योद्धे नाहीत. बखरी बऱ्याच खऱ्या निघाल्या. पण एकाच स्मशानात बाहेरून आलेल्या घरातली आणि स्थानिक घरातली माणसं शेजारी शेजारी, एकाच पद्धतीने पुरलेली, ते मात्र बखरीत नाही. केंटमध्ये सातव्या शतकातली एक मुलगी तर अशी मिळाली की जिचे आजोबा किंवा आजी पश्चिम आफ्रिकेतून आलेली असणार, आणि ती बाकीच्यांसारखीच आपल्या नातेवाईकांत पुरलेली.

उलटंही होतं. व्हायकिंग म्हणजे सोनेरी केसांचे स्कँडिनेव्हियन हे डोक्यात बसलेलं, २०२० च्या ४४२ जीनोम्सच्या अभ्यासात ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग थाटात तलवारीसकट पुरलेल्या दोघांत स्कँडिनेव्हियाचा काही वारसाच नाही. स्थानिकच, व्हायकिंग झालेले.

आणि अव्हार कोण? हे नाव कुठे ऐकलंच नाही.

ऐकलं नसेल, पण माझ्या मते आजवरचा सगळ्यात सुंदर अभ्यास हाच आहे म्हणून जरा जास्त लिहितो. सहाव्या शतकात हे घोडेस्वार अचानक युरोपात उगवले, ५६७-६८ मध्ये आजच्या हंगेरीत राज्य उभं केलं, ते अडीचशे वर्षं टिकलं, आणि सुरुवातीची साठेक वर्षं त्यांनी कॉन्स्टॅन्टिनोपलला जेरीस आणलं. हे आले कुठून हे त्यांच्या शत्रूंनाही नीट माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं जवळपास काही उरलं नाही.

२०२२ मध्ये सरदारांच्या थडग्यांतला डीएनए वाचला आणि तो निघाला मंगोलियाचा, तिथल्या रौरान साम्राज्याच्या काळातल्या सांगाड्याशी जुळणारा. रौरान ५५० च्या सुमाराला तुर्कांनी मोडलं. म्हणजे हे लोक दहा-वीस वर्षांत पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून आले. इतकं जलद आणि इतकं लांब स्थलांतर डीएनएत दुसरं क्वचितच दिसतं.

मग २०२४ मध्ये त्याहून भारी. हंगेरीतली चार स्मशानं सबंध तपासली, ४२४ माणसं, त्यातल्या सुमारे ३०० जणांचा तिथेच पुरलेला जवळचा नातेवाईक सापडला. एका घराण्याची तर नऊ पिढ्यांची वंशावळ उभी राहिली. त्यात दिसतं काय, तर मुलगे सगळे गावातच, मोठ्या झालेल्या लेकी गायब (सासरी गेलेल्या), आणि सुना बाहेरून आलेल्या, ज्यांचे आई-बाप त्या स्मशानात नाहीत. रक्तातल्या नात्यात लग्न एकही नाही, लांबच्या चुलतांतही नाही. आणि नवरा वारल्यावर त्याच्याच भावाशी किंवा जवळच्या नात्यातल्या पुरुषाशी पाट लागलेला, कारण एकाच बाईची पोरं दोन भावांपासून झालेली दिसतात. वाचताना हे एखाद्या देशमुखांच्या वाड्याचं वर्णन वाटावं इतकं ओळखीचं वाटतं. आणि गंमत म्हणजे हे सगळे पुरुष पिढ्यानपिढ्या पूर्व आशियाई बापांची रेघ जपत राहिले तरी गावं एकमेकांना जोडलेली राहिली ती या फिरत्या सुनांमुळे.

पारशी लोकांच्या संजानच्या गोष्टीला डीएनएचा पुरावा आहे का?

आहे, आणि छान आहे. इराणमधून आलेल्या पारशांना इथल्या राजाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पाठवलं आणि त्यांनी त्यात साखर घालून परत दिलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संजान तर मुंबईहून सुरतेकडे जाताना पालघर जिल्हा संपला की लगेच लागतं. तिथल्या मध्ययुगीन दख्म्याच्या (पारशी मृतदेह उघड्यावर ठेवतात ती जागा) उत्खननात निघालेल्या हाडांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए २०१७ मध्ये छापून आला, २१ नमुने. त्यातल्या ४८ टक्के रेघा दक्षिण आशियाई निघाल्या. म्हणजे आलेल्यांनी सुरुवातीच्या काळातच स्थानिक बायकांशी लग्नं केलेली. त्याच पेपरात आजच्या पारशांचाही डेटा आहे, त्यात मिसळ साधारण १,२०० वर्षांपूर्वीची दिसते, जी परंपरेच्या काळाशी जुळते, आणि नवल म्हणजे आजचे पारशी हे आजच्या इराणी लोकांपेक्षा जुन्या इराण्यांच्या जास्त जवळचे, कारण इराणमध्ये नंतरही बरीच मिसळ झाली आणि हे त्याआधीच निघून आले. पण दख्म्यावर जाळणं-पुरणं नाही, उघड्यावर हाडं, म्हणून हा डीएनए मिळणंच नशीब.

असंच अरबी समुद्राच्या पलीकडे. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर स्वाहिली लोकांत "आमचे पूर्वज (इराणमधल्या) शिराझहून आले" अशी परंपरा आहे, आणि वसाहतीच्या काळातले गोरे विद्वान एकतर ती डोक्यावर घ्यायचे नाहीतर नंतरचे लोक थाप म्हणून सोडून द्यायचे. २०२३ मध्ये ८० जणांचे डीएनए आले. आईकडचा वारसा जवळपास सगळा आफ्रिकन, बापाकडचा बराचसा पर्शियन, थोडासा भारतीयही, मिसळ सुरू झाली इ.स. १००० च्या सुमाराला. परंपरा खरी निघाली, पण आईंची भाषा टिकली, पोरं स्वाहिलीच बोलली.

रूपकुंडचं खरं काय?

उत्तराखंडात ५,०२९ मीटरवरचं तळं, भोवती शेकडो सांगाडे. वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितली जायची, यात्रेकरूंचा जथा गारपिटीत एका दिवसात मेला. २०१९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने आणि इतरांनी ३८ जणांचा डीएनए वाचला. २३ जण दक्षिण आशियाई, साधारण इ.स. ८०० च्या सुमाराचे, आणि तेसुद्धा सगळे एकाच वेळी मेलेले नाहीत. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांसारखे, इ.स. १८०० च्या आसपासचे. एक आग्नेय आशियाचा. यात बायकाही आहेत, म्हणजे सैनिकांची तुकडी नाही. ग्रीसकडची माणसं ब्रिटिश काळात हिमालयात एवढ्या उंचावर करत काय होती याची कुठेही नोंद नाही. सिकंदराचे सैनिक असं कोणी फॉरवर्ड पाठवलं तर त्याला तारीख दाखवा, दोन हजार वर्षांची चूक आहे.

स्लाव्ह, हूण, मंगोल यांचंही झालंय का?

झालंय, चालू आहे. स्लाव्हांचा २०२५ मध्ये मोठा अभ्यास आला, पूर्व जर्मनीत सहाव्या ते आठव्या शतकात ८० टक्क्यांहून जास्त वारसा बदललेला. बाकीच्यांवर वेगळं लिहावं लागेल.

मी टेस्ट करून घेतली, त्यात "यामनाया २२ टक्के" आलं. खरं मानू?

ते २२ टक्के म्हणजे "आमच्याकडच्या चार-पाच जुन्या गटांचं मिश्रण करून तुमच्यासारखं काही बनवायचं तर या गटाचा चमचा इतका लागेल" एवढंच. गट बदलले की टक्के बदलतात. तुमचा पूर्वज काळ्या समुद्राकाठी तंबूत राहत होता याचा तो दाखला नाही. आणि यावरून जात सिद्ध करायला जाऊ नका. पोटजातींत लग्नं बंद झाली ती गेल्या दोनेक हजार वर्षांतली गोष्ट, त्याआधी बराच काळ सगळे सगळ्यांत मिसळत होते, हे आजच्याच भारतीयांच्या डीएनएवरून २०१३ मध्ये दाखवलं गेलंय.

हाड फोडतात म्हणजे ते कायमचं गेलं ना? परवानगी कोणाची?

थोडं जातंच. म्हणून आधी फोटो, सीटी स्कॅन, मोजमापं करतात, आणि चांगल्या लॅब्स कवटी न फोडता खालून बारीक ड्रिल करतात. पण सुरुवातीच्या वर्षांत म्युझियमची कपाटं रिकामी करत सुटल्यासारखं झालं होतं आणि त्यावर टीका झाली ती योग्यच होती.

परवानगीचा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी साधारण साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला, केनेविक मॅन. तिथले आदिवासी म्हणाले हा आमचा पूर्वज, आम्हाला पुरायला द्या. काही शास्त्रज्ञ म्हणाले कवटी वेगळी दिसते, तुमचा नाही, आणि कोर्टाने शास्त्रज्ञांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये डीएनए वाचला तर तो आजच्या नेटिव्ह अमेरिकनांच्याच जवळचा निघाला, आणि डीएनए द्यायला तयार झालेल्यांत दावा सांगणाऱ्या पाच जमातींपैकी कोलव्हिल होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये दोनशेहून जास्त लोकांनी जमून त्याला पुरलं, जागा सांगितली नाही.

आमच्या घराण्याकडे चौदाव्या शतकापासूनची वंशावळ आहे, ती तपासता येईल का?

येईल, पण आधी रिचर्ड तिसऱ्याचं वाचा. इंग्लंडचा हा राजा १४८५ मध्ये लढाईत मेला, २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका कार पार्कखाली सापडला. बहिणीकडून चालत आलेल्या आजच्या वारसांशी मायटोकॉन्ड्रियल जुळलं, म्हणून ओळख पटली. पुरुषांच्या रेघेने आलेले पाच वारस तपासले, त्यांच्यातल्या एकाचंही वाय क्रोमोसोम राजाशी जुळलं नाही, आणि पाचातल्या एकाचं तर बाकी चौघांशीही जुळलं नाही. म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप कुठेतरी वेगळे.